चोंढीच्या पुढचं गाव

सातवीच्या वर्गात गावांवरून पडलेली आडनावं हा विषय चालला होता. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मी तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठीचा तास आला की आमच्या मुलांचे चेहरे जरा पडतात, म्हणून मी अधूनमधून असे खेळ काढते. फळ्यावर गावाचं नाव लिहायचं आणि मुलांनी त्याला 'कर' जोडायचं. चौलचे चौलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. वर्गात चांगलाच गोंगाट झाला. मग मी फळ्यावर पाच-सहा आडनावं एका रांगेत लिहिली. नवगावकर, केहिमकर, दिवेकर, अष्टमकर, पेणकर, रोहेकर. विचारलं, ही सगळी आडनावं कोणत्या एका समाजात सापडतात?

कोणी म्हणालं मराठा, कोणी म्हणालं आगरी. एक मुलगी म्हणाली, "आपल्यातपण पेणकर आहेत, मॅडम." ते खरंच आहे. शेवटी मीच सांगितलं, बेने इस्राएल. अलिबागच्या इस्राएल आळीतले, रेवदंड्यातले, पेणमधले, पनवेलमधले यहुदी.

मागच्या बाकावरून एका मुलाने लगेच विचारलं, "यहुदी म्हणजे ते तर आपले दुश्मन ना?"

मुलगा बारा वर्षांचा आहे, स्वभावाने गरीब. घरी मोठ्या भावाचा मोबाइल असतो, त्यावर गाझामधली दृश्यं येतात. ती माझ्याही मोबाइलवर येतात आणि ती बघून झोप लागत नाही, हे मी या मुलापासून लपवणार नव्हते. मी म्हटलं, लहान मुलं मरताना बघून तुला राग येतो, तो यायलाच हवा. पण इस्राएल आळी त्या देशापेक्षा कितीतरी जुनी आहे. तिथली माणसं आपल्याच मराठीत बोलली, आपल्याच बाजारात त्यांनी मासळी घेतली, आणि त्यांच्यातले कितीतरी जण या देशाच्या फौजेत लढताना मेले.

"कोण मेलं?" त्याने विचारलं. उद्धटपणे नाही, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून. "एकाचं नाव सांगा ना."

मला एकही नाव सांगता आलं नाही. बीएड झालेली, वीसेक वर्षं शिकवत असलेली मी खडू हातात धरून उभी राहिले, आणि घंटा झाली म्हणून सुटले.

संध्याकाळी पालकांच्या गटावर एक मेसेज आला की अशा दिवसांत मॅडम मुलांना यहुद्यांचं कौतुक का सांगतात. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुमचं चूक नाही. पण सध्या नको." मी बरं म्हटलं. सध्या नको, तर मग कधी, हे मात्र विचारायचं राहून गेलं.

मला राग त्या मेसेजचा नव्हता, त्या पालकांचा तर नव्हताच. मुलाने एक साधं नाव मागितलं आणि माझ्याकडे ते नव्हतं, हे मला लागलं. कारण नाव नसणं म्हणजे काय असतं, ते आमच्या घरात मी लहानपणापासून पाहिलं आहे.

माझ्या दादीचे वडील बोटीवर खलाशी होते. पहिल्या महायुद्धात ते गेले. दादी तेव्हा दोनेक वर्षांची होती. कोणती बोट, कोणता समुद्र, काहीच कळलं नाही. कोकणातले किती तरी मुसलमान त्या काळी पी. अँड ओ.सारख्या कंपन्यांच्या बोटींवर होते, डेकवर आणि खाली इंजिनाच्या धगीत. जर्मन पाणबुड्यांनी बोटी बुडवल्या तेव्हा साहेबांबरोबर हेही बुडाले. १९१५च्या डिसेंबरात पर्शिया नावाची पी. अँड ओ.ची बोट मुंबईकडे येत असताना क्रीट बेटाच्या दक्षिणेला बुडाली आणि तीनशेच्या वर माणसं गेली. आमचे त्यात होते की दुसऱ्या कुठल्या बोटीत, ते सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं.

शबे बरातला घरातले पुरुष कबरस्तानात जायचे. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. दादी हलव्याचं ताट झाकून ठेवायची, फातिहा झाली की मागच्या पडवीत जाऊन समुद्राच्या बाजूला तोंड करून बराच वेळ उभी राहायची. मी एकदा विचारलं, "दादी, तिकडे काय आहे?" म्हणाली, "तिकडं तुझं पणजोबा." मला वाटलं, पणजोबा खरंच थळच्या पुढे कुठेतरी पाण्यात उभे आहेत.

मोठी झाल्यावर कळलं की मुंबईत मस्जिद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात, इंडियन सेलर्स होममध्ये, या माणसांचं एक स्मारक आहे. समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांची नावं तिथे भिंतीवर आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून जास्त जणांची नावं वहीत लिहून ठेवलेली आहेत. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेले आणि तिथून मस्जिद बंदरला. अलिबागहून रेवसला जाताना एस.टी. चोंढी सोडते आणि पुढे झिराड लागतं. तेव्हा मी त्या फलकाकडे नीट पाहिलंही नाही.

स्मारकावर पणजोबांच्या नावाचे एक नाही, अनेक जण निघाले. आमच्यात घरोघरी असतं तसलं नाव. वडिलांचं नाव नाही, गाव नाही, मग यातला आमचा कुठला? मी प्रत्येक नावावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसाठीच दुआ केली. काय करणार? घरी येऊन अब्बांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय झालं, सगळ्यांनाच पोचली."

त्याच दिवशी बाहेर पडल्यावर चहावाल्याला स्टेशनचा रस्ता विचारला. त्याने खुणा सांगितल्या त्यात 'जुनी मशीद' होती. मला वाटलं, खरीच मशीद असेल, दोन रकात पढून जाऊ. त्याने दाखवली ती इमारत निघाली सिनेगॉग. शआर हारहमीम, म्हणजे दयेचा दरवाजा. मुंबईतलं सगळ्यात जुनं, १७९६ सालचं. आजूबाजूच्या लोकांनी तिला जुनी मशीद म्हटलं, आणि मस्जिद बंदर हे नावही त्यावरूनच पडलं असं कित्येक जण सांगतात. ज्या रस्त्यावर ती उभी आहे त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट. हा सॅम्युअल म्हणजे सॅम्युअल इझीकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर. दिवे आगरचा माणूस, कंपनी सरकारच्या फौजेतला देशी अधिकारी.

दिवेकरांची गोष्ट बेने इस्राएल घरांत अशी सांगतात. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईत ते भावासकट कैद झाले. कैद्यांची विचारपूस चालली होती. जात कोणती, असं विचारल्यावर त्यांनी बेने इस्राएल असं सांगितलं. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. ती म्हणाली, हे नाव तर मी कुराणात वाचलं आहे, ही माणसं मी अजून डोळ्यांनी पाहिली नाहीत, यांना मारू नका. दिवेकर सुटले, मुंबईला आले आणि त्यांनी सिनेगॉग बांधलं. पुढे तिथल्यासाठी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीनला गेले आणि तिकडेच वारले.

गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल की नाही, याचा वाद इतिहासवाल्यांनी घालावा. मला तिच्यातलं एक कळतं. कुराणात बनी इस्राईल हे नाव पुन्हा पुन्हा येतं, सतराव्या सूरेचं तर ते नावच आहे. मी स्वतः मदरशात लहानपणी ते घोकलं आहे. आणि अलिबागला राहून मला कोणी कधी सांगितलं नाही की ती बनी इस्राईल बाजारपेठेच्या पलीकडच्या आळीत राहते. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिलं होतं शनवार तेली. घाणा चालवून तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून. अडचणीच्या वेळी दिवेकरांनी शनवार तेली सांगितलं असतं, तर त्या बाईला काय कळणार होतं?

आता आळीबद्दल सांगते. आळीत आमची एक आजी होती. नात्याची नाही, आमच्या अम्मीची शिवणाची जोडीदारीण. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला ते आवडलं नसतं. मी शाळेत असताना अम्मीबरोबर तिच्याकडे जायची. घरापासून जवळच मागेन अबोथ हे सिनेगॉग. ते १८४८ साली बांधलं आणि १९१०मध्ये पुन्हा नव्याने उभं केलं. आजी नऊवारी नेसायची, कपाळ मोकळं. मराठी अशी बोलायची की मराठी शिकवण्याचा निम्मा ठेका मी तिच्याकडूनच उचलला असेल. ती सणांची नावं सांगायची तेव्हा मी चकित व्हायचे. योम किप्पूर वगैरे शब्द मला फार पुढे पुस्तकांतून कळले. आजीच्या तोंडी तो दरफळणीचा सण. त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, उपास करायचा, कोणाला शिवायचं नाही. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. रोजा! मी म्हटलं, आजी, हा तर आमचा शब्द. ती म्हणाली, "तुमचा कसा? शब्दाला काय कुलूप असतं?" बिरडं मात्र वालाचंच हवं, त्यात ती काही ऐकून घ्यायची नाही.

एलियाहू हनाबीच्या नावाने ती मलिदा करायची, पोहे, गूळ, नारळ आणि फळं. आमच्या दर्ग्यातला मलिदा वेगळा, चपाती कुसकरून केलेला, पण नाव तेच आणि नबीही तेच. आम्ही त्यांना इलियास अलैहिस्सलाम म्हणतो. सागावजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्यांच्या रथाच्या खुणा दाखवतात. आजी दर वर्षी तिथे जायची. एकदा अम्मीलाही घेऊन गेली होती. अब्बांना ते कळलं तेव्हा ते दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "रस्ता कसा आहे तिकडचा?"

याच आजीने मला पहिल्यांदा कबरस्तानात नेलं. आमच्या नाही, तिच्या. तिला कोणाच्या तरी कबरीवर जायचं होतं, सोबत हवी होती आणि मी रिकामी होते. आमच्याकडे बायका जात नाहीत हे मी सांगितल्यावर म्हणाली, "हे काय तुमचं आहे? चल." दगडांवर वर हिब्रू, खाली मराठी, कुठे इंग्रजी. मराठी वाचत वाचत मी पुढे सरकत होते. एका दगडावर नावाच्या आधी सुभेदार लिहिलं होतं. मी विचारलं, सुभेदार म्हणजे मिलिटरीतले? ती म्हणाली, "मग! आमच्यात तेव्हा दर घराआड एक सुभेदार. पण आमच्या काकाचा दगड इथे नाही."

काका म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. पहिल्या लढाईत बसऱ्याला गेला तो आला नाही. आजीचा जन्म त्यानंतरचा. घरात त्याचा फोटोही नव्हता. दरफळणीच्या आदल्या दिवशी गेलेल्या माणसांचे जीव आपापल्या घरी येतात आणि सण झाल्यावर शिळ्या सणाला परत जातात, असं त्यांच्यातली जुनी माणसं मानत. तिची आई त्या दिवशी काकाच्या नावाने वेगळं काढून ठेवायची. "बसऱ्याहून यायचं म्हणजे त्याला वेळ लागणार ना," असं तिची आई म्हणायची म्हणे. हे सांगताना आजी हसली. मला दादीची पडवी आठवली, पण ते मी तिला तेव्हा सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आजीचा तो सुभेदारांचा हिशेब बढाईचा वाटेल, पण तसा नव्हता. अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल माणसं कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होत होती. संख्येने हा समाज मूठभर, पण पलटणींत देशी अधिकारी म्हणून त्यांची गणती बरीच. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी, म्हणजे आपल्या किहीमच्याच आडनावाच्या माणसाने, या समाजाचा पहिला मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७मध्ये तो लिहून झाला आणि छापला गेला चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेही तेल अवीवला. त्यात फौजेतल्या माणसांचा भाग मुद्दाम आहे. आपल्या लोकांनी काय केलं ते कोणी दुसरं लिहिणार नाही, हे त्या माणसाने ओळखलं असावं. पुढे इंग्रजांनी फौजेत जातीजातीच्या कंपन्या बांधायला सुरुवात केली. मराठ्यांची वेगळी, शिखांची वेगळी. बेने इस्राएलांची एक कंपनी भरेल एवढी माणसंच नव्हती. बढती खुंटली, तशी पोरं रेल्वेत, कचेरीत, दवाखान्यात गेली. पहिल्या महायुद्धात त्यांच्यातले कोणी शिपाई म्हणून, कोणी डॉक्टर किंवा कारकून म्हणून मेसोपोटेमियाकडे गेले.

आणि तिथे बसऱ्याला काय झालं ते ऐका. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं स्मारक तिथे आहे. गोऱ्या शिपायांची नावं आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांचे मात्र आकडे आहेत. अमक्या पलटणीचे इतके, तमक्या पलटणीचे तितके. हिंदू, मुसलमान, शीख, यहुदी, सगळे त्या आकड्यात. २०२१ साली युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने स्वतःच चौकशी करून कबूल केलं की हा भेदभाव झाला, आणि माफी मागितली. आजीचा काका हवालदाराच्या वर चढला नव्हता, म्हणजे तो आकड्यातच असणार. आपल्याकडेही हीच रीत होती. साताऱ्याकडचं अपशिंगे, ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथले ४६ जण त्या युद्धात गेले आणि सरकारने गावाला त्याचं स्मारक दिलं. घाटावर आणि कोकणात बऱ्याच गावांत असे दगड दिसतात. इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढंच. नावं घरच्यांनी लक्षात ठेवायची.

घरचे होते तोवर ठेवली. १९४८नंतर आळीतली घरं एकेक करून इस्राएलला गेली. कोणी हाकललं नाही. इथे काही वाईट झालं म्हणून गेलो, असं सांगणारा बेने इस्राएल माणूस मला भेटलेला नाही. नोकरी, मुलांची लग्नं, आपला देश झाला ही ओढ, सगळंच होतं. त्या वेळी देशात वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता चार-पाच हजारांवर आला आहे. मेलेल्यांसाठी जी प्रार्थना म्हणायची तिला दहा पुरुष लागतात. आजी शेवटच्या आजारात म्हणायची, "माझ्या वेळी दहा कुठून आणणार? ठाण्याहून गाडी करावी लागेल." तिच्या वेळी दहा जमले. मी तेव्हा बीएडला होते, परीक्षा चालू होती म्हणून जाता आलं नाही.

तर त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी बसले आणि एक तरी नाव शोधायचं ठरवलं. बसरा नाही, टिपू नाही. त्यात सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही अडचण. दिवेकर लढले ते टिपूशी, आणि बसऱ्याची लढाई होती तुर्कांच्या खलिफाशी. अर्थात खलिफाशी लढायला आमचेही गेलेच होते, पोटासाठी. पण सातवीच्या पोराला ही गुंतागुंत कुठून सांगू?

नाव सापडलं ते १९६५चं. सप्टेंबर महिना, सियालकोटच्या बाजूला चविंडाची लढाई. बुत्तूर डोग्रांडी नावाचं एक गाव घ्यायचं होतं. पायदळाची पलटण होती आठवी गढवाल रायफल्स, आणि रणगाडे पूना हॉर्सचे. पूना हॉर्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर तिथेच १६ सप्टेंबरला पडले. परमवीरचक्र मिळालं म्हणून त्यांचं नाव पुस्तकात आहे, माझ्या मुलांनाही पाठ आहे. आठव्या गढवालचे कमांडिंग ऑफिसरही त्याच लढाईत पडले. त्यांचं नाव लेफ्टनंट कर्नल जे. ई. झिराड.

मी ते आडनाव दोनदा वाचलं. झिराड. चोंढीच्या पुढचं गाव. इथे 'कर' नाही, पण गाव तेच. याच गावावरून पडलेलं हे बेने इस्राएल आडनाव आहे. स्वातंत्र्याच्या आधी स्त्रियांच्या डॉक्टर म्हणून नाव काढलेल्या डॉ. जेरुशा झिराड याच आडनावाच्या.

पुढची ओळ वाचून मी खुर्चीवरून उठलेच. झिराड पडल्यावर पलटणीची सूत्रं त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने घेतली, आणि तोही त्याच लढाईत मारला गेला. त्याला मरणोत्तर वीरचक्र मिळालं. त्याचं नाव मेजर अब्दुल रफी खान.

शाळेत पंधरा ऑगस्टला एक नाटुकली होते. एक टोपीवाला, एक फेटेवाला, एक पगडीवाला, गळ्यात क्रूस घातलेली एक मुलगी, आणि शेवटी सगळे हात धरून झेंड्याभोवती. मला ती नाटुकली आवडत नाही. फार शिकवल्यासारखी वाटते आणि मुलंही ती उरकतात. बुत्तूर डोग्रांडीला कोणी काही बसवलेलं नव्हतं. गढवाली पहाडी पोरं, त्यांचा साहेब यहुदी, दुसरा साहेब मुसलमान, बाजूला रणगाड्यात पारशी. ज्याच्या त्याच्या नेमणुका निघाल्या आणि ते तिथे होते. समोरूनही माणसंच मरत होती, आणि रफी खानांना समोरचे कलमा पढणारे आहेत हे माहीत असणारच. त्या माणसाच्या मनात काय असेल, यावर मी बराच वेळ विचार करते. मला उत्तर येत नाही आणि ते मी रचूनही सांगणार नाही.

मुख्याध्यापकांना मी जाऊन सांगितलं की मला आडनावांचा धडा पुरा करायचा आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणाले, "धडाच ना? करा." मेसेज पाठवणारे पालक आधी एकदा शाळेत येऊन भेटले होते. मी चहा मागवला. ते गाझाबद्दल बोलले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. मी म्हटलं, मलाही तसंच होतं. मग मी झिराड आणि रफी खानांचं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, मॅडम, पण लोक काय अर्थ काढतील?" आमचं पटलं नाही. चहा मात्र त्यांनी पुरा घेतला.

वर्गात मी फळ्यावर दोन नावं एकाखाली एक लिहिली आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला उभं केलं. म्हटलं, तू नाव मागितलं होतंस. हे घे. त्याने मोठ्याने वाचलं. झिराड वाचल्यावर थांबला. "मॅडम, हे आपल्या रेवस रोडवरचं?" मी म्हटलं, तेच. वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते गाव एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेलं. एकाची मावशीच तिथे दिलेली. गोंगाट झाला, आणि मी तो होऊ दिला.

गृहपाठ दिला तो असा. आपल्या घरातला कोणी घरापासून लांब मेला असेल, लढाईत, बोटीवर, आखातात नोकरीला असताना, तर घरी विचारून त्याचं नाव आणि तो कुठे गेला ते लिहून आणा. कोणी नसेल तर शेजारी विचारा. मुलांनी आणलं. दुबईत इमारतीवरून पडलेला चाचा. कुवेतचा मामू. दोन खलाशी. एका मुलीने शेजारच्या कोळी घरातला, वादळात गेलेला एक जण लिहून आणला.

त्या मुलाच्या वहीत एकच ओळ होती, उर्दूत नाही, मराठीत. अक्षर वाकडंतिकडं, 'झ'चा कान तुटलेला. 'झिराड साहेब, कर्नल, गाव चोंढीच्या पुढे.' मी लाल पेनाने 'झ' नीट करून दिला.

या वर्षी शबे बरातला मी हलवा केला तेव्हा पणजोबांचं नाव घेतलं, त्या भिंतीवरच्या त्यांच्या सगळ्या नावभावांचं घेतलं, आजीच्या काकाचं घेतलं. मौलानांना विचारलं नाही. मग ताट झाकून मागच्या पडवीत गेले. थळच्या बाजूला दिवे दिसत होते, बोटी परतायची वेळ होती.